खानदेशातली हट्टी दालनं

खानदेशात चित्रं बघायला निघालोय म्हटलं, की लोक सरळ अजिंठ्याचा रस्ता दाखवतात. जळगावहून लेणी साठेक किलोमीटरवर. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं आणि परदेशी पाहुणे जळगाव स्टेशनावर उतरतात ते बहुतेक त्यासाठीच. पण लेणी पडतात जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे. मला या खेपेस हद्दीच्या अलीकडचं बघायचं होतं: जळगाव, चाळीसगाव आणि धुळे. मुंबईसारखं मोठ्या घुमटाचं, तिकीट खिडकीपाशी रांग लागणारं कलासंग्रहालय या तिन्ही गावांत नाही. इथली दालनं एकेका माणसाच्या हट्टातून उभी राहिली आहेत. एकानं घराबाहेर पडायचंच सोडलं, एकानं गावोगावचे जुने कागद गोळा करण्यात आयुष्य घातलं, तर एकानं ठिबक सिंचनातून आलेला पैसा टेकडीवर गांधींसाठी ओतला.

या तिसऱ्या माणसापासून सुरुवात केली, कारण ते सगळ्यात सोपं होतं. भवरलाल जैन मूळचे वाकोदचे. जळगावकर त्यांना मोठे भाऊ म्हणत. शहराबाहेर शिरसोली रस्त्याला त्यांच्या जैन हिल्सवर गांधीतीर्थ आहे. २५ मार्च २०१२ रोजी तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, त्याही जळगावच्याच. 'खोज गांधीजी की' हे तिथलं संग्रहालय. कानाला यंत्र लावायचं, मराठी, हिंदी की इंग्रजी ते निवडायचं आणि पोरबंदरपासून राजघाटापर्यंत दालनामागून दालन चालत जायचं. चित्रफिती, हलती चित्रं, बोटानं उघडणारे पडदे असं सगळं तिथं आहे. बाहेर उन्हात भाजून निघालेला माणूस आत त्या गार दगडी इमारतीत शिरला, की त्याला घाई उरत नाही.

इथे एक तक्रार मात्र नोंदवतो. संग्रहालय सारखं बोलत राहतं. गांधींचा एखादा फोटो समोर येतो, डोळे त्यावर स्थिरावतात न स्थिरावतात तोच कानातला आवाज पुढच्या साली निघून गेलेला असतो. मी शेवटी यंत्र गळ्यात लटकवलं आणि फोटोच बघत फिरलो. माझ्यापुढे आश्रमशाळेची मुलं होती, त्यांना मात्र तो आवाजच हवा होता. एक मुलगी मिठाच्या सत्याग्रहाचा भाग दोनदा ऐकून आली. याच संस्थेची गांधी विचार संस्कार परीक्षा शाळाशाळांतून होते. त्यामुळे मुलं नुसती सहलीला आलेली नसतात, काहीतरी वाचून आलेली असतात, आणि प्रश्नही तसेच विचारतात. दाखवणाऱ्या ताईंना एकानं विचारलं, गांधीजी चिडायचे का? ताई हसल्या आणि म्हणाल्या, हो, आणि मग उपास करायचे. मला वाटतं, तिथल्या सगळ्या यंत्रांपेक्षा हे उत्तर मुलांच्या जास्त लक्षात राहील.

संध्याकाळी गावात परतून काव्यरत्नावली चौकात गेलो. एखाद्या मासिकाचं नाव चौकाला मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही. नानासाहेब फडणीसांनी १८८७ पासून १९३५ पर्यंत जळगावातून फक्त कवितेला वाहिलेलं 'काव्यरत्नावली' चालवलं. त्या काळी जळगाव म्हणजे कापसाची बाजारपेठ. गाठी मोजणाऱ्या गावानं जवळपास पन्नास वर्षं कवितांचं मासिक पोसलं हे पुण्याच्या मंडळींना सांगून बघा, चेहरे बघण्यासारखे होतात. चौकालगतच भाऊंचे उद्यान आहे. तिथं झाडांच्या मध्ये एक छोटं कलादालन आहे आणि कार्यक्रमांसाठी खुलं प्रेक्षागार. दालनातलं प्रदर्शन बघायला आलेले आणि नुसते फिरायला आलेले असा भेदच राहत नाही. हातात भेळेचा कागद घेतलेलं एक जोडपं जलरंगातल्या तापी नदीसमोर उभं राहून, हा पूल भुसावळकडचा की सावद्याकडचा, यावर भांडत होतं. चित्राला याहून चांगला प्रेक्षक काय मिळणार! मुंबईच्या दालनांत लोक चित्रासमोर कुजबुजतात, इथे हुज्जत घालतात. मला दुसरं जास्त पटतं.

जानेवारीत आलात तर जळगावचा बालगंधर्व संगीत महोत्सव गाठा. स्व. वसंतराव चांदोरकर स्मृती प्रतिष्ठान तो भरवतं. आणि जुन्या जळगावातला चौधरी वाडा चुकवू नका. बहिणाबाई चौधरींचं हे सासरघर. जन्म असोद्याचा, १८८०चा. लग्नानंतरचं सारं आयुष्य याच घरात आणि शेतात गेलं. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी त्यांच्या कविता पुस्तकात आणल्या. वाड्यात त्यांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू ठेवल्या आहेत. त्यासाठी फार वेळ लागत नाही, पण त्यांच्या कविता पाठ असतील तर त्या वस्तूंपाशी पाय अडतो.

जळगावहून चाळीसगाव रेल्वेनं नव्वदेक किलोमीटर. शिरसोली, म्हसावद, पाचोरा, कजगाव, वाघळी अशी गावं मागे पडतात. दोन्ही बाजूंना कपाशी, मध्येच केळी. स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला मूस यांचं नाव सांगितलं तर तो म्हणाला, "मूससाहेबना बंगला ना? तठे पायी जावाय इतलंच शे." आणि खरंच बसू दिलं नाही. धंद्याच्या वेळी गिऱ्हाईक परतवणारा रिक्षावाला मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

कैखुश्रू माणेकजी मूस, सगळ्यांचे केकी मूस. जन्म २ ऑक्टोबर १९१२, मुंबईच्या पारशी घरातला. वडिलांचा व्यवसाय चाळीसगावात होता. मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिक्षण झालं, मग १९३५च्या सुमारास विलायतेला जाऊन व्यावसायिक चित्रकला आणि छायाचित्रणाचं शिक्षण. युरोप, अमेरिका, जपान असं जग बघून गडी १९३८ साली परत आला तो थेट चाळीसगावी. आणि मग जवळपास पन्नास वर्षं, एखाददुसरा अपवाद सोडला तर, त्यांनी घराचा उंबरठा ओलांडला नाही. ३१ डिसेंबर १९८९ रोजी याच घरात गेले.

याचं कारण म्हणून जी गोष्ट सांगतात ती चाळीसगावात पोराटोरांनाही पाठ आहे. मुंबईला एक प्रेयसी होती, घरच्यांचा विरोध होता. निरोप घेताना तिनं वचन दिलं, की एक ना एक दिवस पंजाब मेलनं चाळीसगावला येईन आणि तुझ्यासोबत जेवेन. म्हणून मूससाहेब रोज त्या गाडीच्या वेळेला घराची दारं-खिडक्या उघडत, दिवे लावत, ताज्या फुलांचा गुच्छ तयार ठेवत आणि दोघांचं ताट मांडत. गाडी यायची आणि निघून जायची. योगायोग असा, की पंजाब मेलही १९१२ सालीच सुरू झाली. माणूस आणि गाडी एका वयाचे.

गोष्ट सुंदर आहे, पण या गोष्टीनं मूस यांचं थोडं नुकसानच केलं आहे असं मला वाटतं. बंगल्यात येणारे निम्मे लोक ताट कुठे मांडायचे ते विचारतात, तिथं उभं राहून मोबाइलवर फोटो काढतात आणि भिंतीवरच्या छायाचित्रांवरून नुसती नजर फिरवून बाहेर पडतात. खरा ऐवज त्या भिंतींवर आहे.

मूस यांनी चित्रं काढली, शिल्पं केली, लाकडात काम केलं, कागद कापून आणि दुमडून कलाकृती केल्या. जुन्या वस्तूंचा संग्रह केला. व्यक्तिचित्रं तर उत्तमच. पण नाव झालं ते टेबलटॉप छायाचित्रणानं. त्यांना तीनशेहून जास्त पारितोषिकं मिळाली असं सांगतात, त्यातली बरीचशी परदेशातली. घराबाहेर पडायचं नाही असं ठरवलेल्या माणसानं निसर्गचित्रं टिपायची कशी? त्यानं निसर्ग टेबलावर मांडला.

एका छायाचित्रापाशी मी बराच वेळ उभा होतो. बर्फात गाडलेलं खेडं, पानं झडलेलं झाड, उतारावरून गेलेली वाट आणि मागे डोंगर. स्वित्झर्लंडमधलं म्हणून कॅलेंडरवर छापलं तर कुणी शंका घेणार नाही. दाखवणारे गृहस्थ बाजूला शांत उभे होते. मी वळलो तसे म्हणाले, "हे सगळं या हॉलमधलं आहे." मग मी पुन्हा बघू लागलो, या वेळी चोरी पकडायच्या इराद्यानं.

टेबलटॉपची करामत कळायला थोडं तंत्र समजून घ्यावं लागतं. हातभर जागेत वाळू, कापूस, भुसा, वाळक्या काड्या, कागद असल्या साहित्यातून देखावा रचायचा असतो. इथवर शाळेतला प्रकल्प करणारं पोरही येईल. पुढे अडचणी सुरू होतात. कॅमेरा जवळ नेला, की पुढची काडी स्पष्ट येते आणि मागचा डोंगर पुसट होतो. खऱ्या डोंगराचा फोटो असा येत नाही. तिथे शंभर फुटांवरचं झाड आणि मैलभर लांबचा कडा दोन्ही स्पष्ट दिसतात. म्हणजे पुसटपणा दिसला, की वस्तू लहान आहे हे डोळ्याला आपोआप कळतं. त्यावर उपाय म्हणजे भिंगाचं छिद्र अगदी बारीक करायचं. छिद्र बारीक झालं, की उजेड कमी आत येतो, म्हणून फिल्म बराच वेळ उघडी ठेवायची. तेवढ्या वेळात वाऱ्यानं एक काडी हलली तरी सगळं फुकट. मग प्रकाशाचा प्रश्न. सूर्य एकच असतो, त्यामुळे देखाव्यातल्या सगळ्या सावल्या एकाच दिशेला पडायला हव्यात आणि त्यांची कड दिव्याची वाटता कामा नये. कॅमेरा ठेवायचा तोही त्या खेड्यात उभ्या असलेल्या बोटभर माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर; जरा वर गेला, की खेळणं उघडं पडतं. आणि तरीही काही गोष्टी लहान होतच नाहीत. पाण्याचा थेंब थेंबाएवढाच राहतो, ज्योत ज्योतीएवढीच. म्हणून टेबलटॉप करणारा पाणी आणि आग यांच्यापासून जपून असतो.

हे डोक्यात ठेवून मी त्या बर्फाळ वाटेवर माग काढत गेलो. सावल्या एका दिशेच्या, डोंगर स्पष्ट. शेवटी शंका आली ती झाडाची: फांद्यांची जाडी बुंध्याच्या मानानं किंचित जास्त होती, वाळक्या झुडपाच्या शेंड्याची असते तशी. पण तेवढ्यानं चित्र मोडलं नाही. उलट मजा वाढली. जादूगाराच्या बाहीतला पत्ता दिसला तरी हात बघत राहावा तसं झालं.

आणखी एक गोष्ट डोक्यात घोळत होती. काळ्या-पांढऱ्या फिल्मचं रसायन साधारण वीस अंश तापमानाला नीट काम करतं. पाणी फार तापलं तर फिल्मवरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो, सुटतो. चाळीसगावात मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर जातो, नळाचं पाणीसुद्धा अंगावर घेववत नाही. अशा मुलखात काळोख्या खोलीत काम करणारे लोक तबकाखाली बर्फाचं पाणी ठेवत किंवा रात्री उशिरा काम करत. बाहेर लू चालू असताना आत बर्फाचं खेडं कागदावर उमटवायचं, हा मला पंजाब मेलपेक्षा मोठा हट्ट वाटतो. मात्र खानदेशी हवेचा एक फायदा आहे. कोकणात किंवा मुंबईत असे फोटो ओलीनं आणि बुरशीनं काही वर्षांत डागाळले असते. इथे पावसाळ्याचे दिवस सोडले तर हवा कोरडी, त्यामुळे निदान तो एक शत्रू कमी. धूळ मात्र आहेच. काचेवर बोट फिरवलं की बोटावर येते.

बंगला आजही घरासारखा आहे, संग्रहालयासारखा नाही. खोल्यांतून खोल्या, कपाटं, जुनी लाकडी आसनं आणि त्यात दाटीनं मांडलेलं एका माणसाचं काम. पाट्या थोड्या, त्यामुळे दाखवणारे बरोबर हवेतच. त्यांना गावातल्या चित्रकलेच्या शिक्षकांबद्दल विचारलं, मुलांना आणतात का? "आणतात. पण मुलं विचारतात, फोटोशॉप कुठलं वापरायचे?" असं म्हणून ते स्वतःच हसले. माझ्या मते प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचं उत्तर म्हणून तिथेच एखादं टेबल, एक दिवा, थोडी वाळू आणि काड्या ठेवल्या, मुलांना स्वतःच्या मोबाइलवर देखावा टिपायला लावलं, तर मूस समजायला दहा मिनिटं पुरतील. वर्षाला एखादी तशी कार्यशाळा झाली तरी पुष्कळ.

चाळीसगावात एक दिवस जास्त असेल तर पाटणादेवीला जा. गौताळ्याच्या जंगलातलं चंडिकादेवीचं देऊळ आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं काढलेल्या मठाची नोंद करणारा शिलालेखही इथलाच. याच तालुक्यात पाटणे गावी पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांना उत्खननात शहामृगाच्या अंड्याचं कवच सापडलं, त्यावर आडव्या-उभ्या रेषांची नक्षी कोरलेली. वय सुमारे २५ हजार वर्षं. भारतातल्या अगदी जुन्या कलाकृतींत त्याची गणना होते. तेव्हा गिरणेच्या खोऱ्यात शहामृग पळत होते आणि त्यांच्या अंड्यावर रेघा ओढायला वेळ असलेलं कुणीतरी इथे राहत होतं. अजिंठ्याचे दोन हजार वर्षांचे रंग त्यापुढे अगदी कालचे वाटू लागतात.

चाळीसगाव-धुळे हा रेल्वेचा फाटा १९०० सालचा. छप्पन-सत्तावन्न किलोमीटर, पुढे रूळच नाहीत. जामदा, राजमाने, शिरूड, बोरविहीर अशी स्टेशनं घेत गाडी जाते. डब्यात दुधाचे कॅन, कॉलेजची पोरं आणि अहिराणीतल्या गप्पा. मी कुठे निघालो ते एका आजोबांनी विचारलं. राजवाडे मंडळ म्हटल्यावर म्हणाले, "तठे कागद शेतस." म्हणजे त्यांना ठाऊक होतं.

धुळ्याची नवी पेठ इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला कॅप्टन जॉन ब्रिग्जनं आखली. म्हणून इथले रस्ते सरळ आणि गल्ल्यांना नंबर आहेत. या गावात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे शेवटी येऊन राहिले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना, एवढं सगळं करून पुण्याच्या मंडळींशी त्यांचं बिनसलं. पायपीट करून, लोकांच्या माळ्यांवरून, देवघरांतून उचललेले कागद घेऊन ते धुळ्याला आले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी इथेच वारले. तारीख मूस यांचीच, साल वेगळं. आठवडा-दीड आठवड्यात, ९ जानेवारी १९२७ला, धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापलं. शोकसभा घेऊन घरी न जाता त्यांनी कागदांची सोय लावली, हे मला फार आवडतं.

मंडळाच्या संग्रहालयात मूर्ती, नाणी, ताम्रपट आहेत. पण चित्र बघायच्या डोळ्यानं बघायचं तर मोडी कागद बघा. वाचता येत नसेल तरी हरकत नाही. मोडीचा कारकून आधी ओळभर आडवी रेघ मारून घेतो आणि मग हात न उचलता अक्षरं तिला लटकवत जातो. बोरू ताजा दौतीत बुडवलेला असतो तिथं शाई गडद, मग फिकी होत जाते, पुन्हा गडद. कुठे थांबून त्यानं बोरू बुडवला ते मोजता येतं. घाईचं पत्र आणि सावकाश लिहिलेला हिशेब यातला फरक एक अक्षर न वाचता दिसतो. रुमालात बांधलेली अशी दप्तरं बाहेर काढताना तिथले लोक हात कसे लावतात, तेही बघण्यासारखं आहे.

दुसरं ठिकाण श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर. नावात मंदिर, पण पूजा पोथ्यांची. शंकर श्रीकृष्ण देवांनी धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि मठामठांतून समर्थ संप्रदायाची बाडं जमवली. समर्थांच्या हस्ताक्षरातलं म्हणून जपलेलं वाल्मीकिरामायण इथे आहे. भाविक हात जोडतात, मी अक्षरांचं वळण बघत राहिलो. दोघांचंही काम होतं.

धुळ्यापर्यंत आलो तर आणखी एक नाव घ्यायलाच हवं: जवळच्या गोंदूरचे शिल्पकार राम सुतार, जन्म १९२५चा. नर्मदेकाठचा १८२ मीटरचा सरदार पटेलांचा पुतळा त्यांचा. त्याआधी, पन्नासच्या दशकात, पुरातत्त्व खात्यात असताना त्यांनी अजिंठा-वेरूळच्या मूर्तींच्या दुरुस्तीचं काम केलं होतं. मूस यांनी अख्खं खेडं टेबलावर बसवलं आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या सुतारांनी एक माणूस डोंगराएवढा केला.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. क्रम जळगाव, चाळीसगाव, धुळे असाच ठेवा. रेल्वे त्याच वाटेनं जाते आणि धुळ्याहून नाशिक-मुंबईकडे रस्ता मोकळा आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, तेव्हा भरीतही मिळतं. गांधीतीर्थाला निदान अर्धा दिवस द्या. चाळीसगाव आणि धुळ्याच्या ठिकाणी आधी फोन करून जा, कारण किल्ली ज्यांच्याकडे असते ते मोजकेच लोक असतात आणि त्यांनाही जेवायची वेळ असते. मुलं बरोबर असतील तर मूस यांच्या बंगल्यात पंजाब मेलची गोष्ट शेवटी सांगा, आधी नको. वेळ एकाच ठिकाणापुरता असेल तर चाळीसगावला उतरा.